वन्संचा कॅमेरा आणि पालीतला गडगा

जिनं जन्मात कुणाला हातातलं काम थांबवू दिलं नाही अशी एकच फोटोग्राफर सगळ्या रत्नागिरी जिल्ह्यात आहे, आणि ती माझी सख्खी नणंद आहे. जगातले बाकीचे फोटोग्राफर 'जरा इकडे बघा' म्हणतात. आमच्या वन्सं 'इकडे बघू नका' म्हणतात. भाकरी थापत असाल तर थापत राहा, भांडत असाल तर भांडत राहा, आणि झोपला असाल तर मग प्रश्नच मिटला, झोपलेल्या माणसावर त्यांचा विशेष लोभ. कॅमेरा दिसला की माणसाचं तोंड आपोआप पसरतं, हा निसर्गनियम. पण वन्संना तो मान्य नाही. एकदा आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांनी नारळ सोलता सोलता त्यांच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला, तर वन्सं म्हणाल्या, "दात मिटा. मी दंतवैद्य नाही." वकीलसाहेब इतके दचकले की पुढचा नारळ त्यांनी खरोखरच मनापासून सोलला, आणि तोच फोटो आला. वकिलीण तो बघून म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच हे कशात तरी लक्ष घालून बसलेले दिसले."

वन्सं माझ्या यजमानांची धाकटी बहीण. वयानं आम्ही दोघी जवळजवळ सारख्याच, त्यामुळे मी त्यांना अहोजाहो करते ते नात्याला धरून, आणि त्या मला अगंतुगं करतात ते सवयीनं. त्यांच्या यजमानांचा बाजारपेठेत, एका अरुंद जिन्याच्या वर, फोटो स्टुडिओ होता. ते गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता वन्सं दुकानाला कुलूप घालतील. वन्संनी तेराव्यानंतर जिना झाडून घेतला आणि दुकान उघडलं. पुढची कितीतरी वर्षं रत्नागिरीतून आखाताला जाणारा, कॉलेजात नाव घालणारा, नोकरीचा अर्ज करणारा प्रत्येक माणूस त्या जिन्यावरून वर चढला आणि निळ्या पडद्यापुढच्या स्टुलावर बसला. हनुवटी वर, खांदे सरळ, कान दिसू देत, हसू नका. या चार वाक्यांवर त्यांचं घर चाललं आणि मुलगा शिकला.

त्या सगळ्याला त्या कंटाळल्या कशा, ते मला त्यांनीच सांगितलं. राजिवड्याकडचं एक जोडपं आलं होतं. नवऱ्याला परदेशी जायचं होतं म्हणून त्याचा फोटो. जिना चढताना तो बायकोची काहीतरी थट्टा करत होता, ती त्याच्या दंडाला चापट मारत होती, दोघं आत आली तीच हसत. मग तो स्टुलावर बसला. हनुवटी वर, खांदे सरळ. बायको कोपऱ्यात उभी राहून बघत होती. फोटो हातात पडल्यावर तिनं तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हा कोण?" ती थट्टा करत नव्हती. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तो जिन्यात होता गं. स्टुलावर आला तेव्हा दुसराच कोणीतरी झाला. आणि मी जन्मभर स्टुलावरच्या माणसाचे पैसे घेतले." पुढे हातोहाती फोन आले, सरकारी कचेऱ्यांतच फोटो काढायला लागले, गिऱ्हाईक आटलं. दुकान सोडताना वन्संना वाईट वाटेल म्हणून आम्ही दोघं धीर द्यायला गेलो, तर बाई पडदा घडी घालत गुणगुणत होत्या. "एवढी वर्षं लोक जिना चढून माझ्याकडे आले," त्या म्हणाल्या, "आता मी त्यांच्याकडे जाणार." आम्हाला वाटलं भेटायला जाणार. त्या कॅमेरा घेऊन निघाल्या.

त्यांची पद्धत अशी. एखाद्या घराच्या पडवीत जाऊन बसायचं. ओळख असली तर उत्तम, नसली तर ती काढायची. कोकणात दोन माणसं अर्धा तास बोलली की कुठेतरी सोयरीक निघतेच, आणि निघाली नाही तर वन्सं निदान त्या घरातल्या कोणाचा तरी पासपोर्टचा फोटो आपण काढल्याचं आठवून सांगतात. मग बिनसाखरेचा चहा. मग सूप पुढे ओढून तांदूळ निवडायला लागायचं. घरची बाई 'अहो राहू द्या' म्हणते, वन्सं राहू देत नाहीत. तासाभरानं घर त्यांना विसरतं. सासू पुन्हा सुनेला बोलायला लागते, कोणीतरी पायातला काटा काढायला बसतं, म्हातारा रेडिओच्या पाठीवर थपडा मारतो. तेव्हा पिशवीतून कॅमेरा निघतो. आवाज असा काही नाहीच. तांदळातला खडा टाकावा तेवढा.

अर्थात सगळीच घरं त्यांना विसरत नाहीत. मिरजोळ्याला, कारखान्यांच्या मागच्या वस्तीत, एक कुटुंब आहे. नवरा-बायको दोघंही कामाला, सुटी एकच. त्या दिवशी बाई धुणं, भांडी, मोरी, सगळं एकदम काढते, आणि वन्संना नेमकं तेच हवं होतं. त्या पोचल्या तर बाई पैठणी नेसून, नाकात नथ घालून मोरी घासायला बसलेली. वन्सं दारातच थबकल्या. "पैठणी नेसून कुणी मोरी घासतं का हो?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाली, "मग काय फोटोत नुसती मोरी चांगली दिसायला हवी?" वन्संनी कॅमेरा पिशवीतच ठेवला. त्या घरी येऊन मला म्हणाल्या, "तिचं म्हणणं बरोबर आहे. पण फोटो नाही निघाला." त्या तिच्याकडे पुन्हा पुन्हा जात राहिल्या, आणि बाई दर वेळी नवी साडी नेसत राहिली. आजतागायत तिचा एकही फोटो वन्संजवळ नाही. ती मात्र सगळ्या वस्तीला सांगते की एक फोटोवाल्या बाई माझ्याकडे नेहमी येतात, त्यांना माझ्या साड्या फार आवडतात.

खाडीकाठच्या एका मुसलमान घरात तर त्यांनी जवळजवळ मुक्कामच ठोकला होता. मुलगा कुवेतला. तो सुटीवर येतो त्या दिवशी घरात ईदच, पण वन्सं त्या दिवशी गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गेल्या. बॅगा उघडून झाल्या होत्या, पाहुणे पांगले होते, आणि तो एवढा मोठा दाढीवाला माणूस जमिनीवर फतकल मारून बसला होता. मागे आई खुर्चीवर बसून त्याच्या डोक्याला तेल चोळत होती. आईनं कॅमेरा बघितला आणि ओरडली, "अगो बाय, तेल चोपडताना काय काढतेस? त्याला कोट घालू दे ना! नायतर तो नवा फ्रीज तरी काढ!" वन्संनी फ्रीजचाही एक काढला, भांडण नको म्हणून. पुढच्या सुटीत तो मुलगा मुद्दाम वन्संना भेटायला आला. तेलाचा फोटो त्यानं तिकडे आपल्या खाटेशेजारी चिकटवला होता. खोलीत चारदोन देशांची माणसं. त्यातल्या एकानं विचारलं, ही कोणाची आई? हा म्हणाला, माझी. त्यावर तो माणूस फोटोच्या अगदी जवळ गेला आणि म्हणाला, माझी पण असंच डोकं दाबायची. हे सांगताना मुलगा हसत होता. वन्सं मात्र उठून आत गेल्या आणि विनाकारण भांडी लावत बसल्या.

घरच्यांना त्यांनी सोडलंय अशातला भाग नाही. आमच्या यजमानांचा त्यांनी काढलेला एकमेव बरा फोटो उघड्या फ्रीजपुढे उभं राहून विचार करतानाचा आहे. एका हातानं दार धरलेलं, दुसरा हात पाठीशी, चेहऱ्यावर अपार चिंतन. वन्सं म्हणतात, "दादा देवापुढेसुद्धा एवढा वेळ उभा राहत नाही." लग्नकार्यात त्यांना आता फक्त जेवायला बोलावतात, कारण एका पुतणीच्या लग्नात त्यांना फोटोचं काम दिलं होतं आणि त्यांनी नवरीचा मोजून एक फोटो काढला, बाकी सगळे आचाऱ्याचे, चपला शोधणाऱ्या पाहुण्यांचे आणि मांडवाच्या कोपऱ्यात आ वासून झोपलेल्या वरमावशीचे. मुलीचे वडील महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत. आणि शिवाय त्या फोटो लगेच देतही नाहीत. मागितला तर म्हणतात, "मुरू दे जरा." लोणचं आहे का हे? पण त्यांचं म्हणणं असं की आजचा फोटो बघून माणूस फक्त आपलं पोट बघतो. चार-पाच पावसाळे गेले की तो बाकीच्यांकडे बघायला लागतो. फोनवर सगळे हजारांनी फोटो काढतात असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "हो, सगळे वाढदिवस आहेत त्यात. घरात काय नुसते वाढदिवस होतात?"

आता पालीची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय वन्सं पुऱ्या होत नाहीत.

पालीला, कोल्हापूरच्या रस्त्यापासून जरा आत, दोन सख्ख्या भावांची घरं शेजारीशेजारी आहेत. थोरला एसटीत ड्रायव्हर होता, आता घरी असतो. धाकट्याची पिठाची गिरण. दोघांचं बोलणं वाटणीपासून बंद. भांडणाचं मूळ म्हणजे हद्दीवरचा एक फणस. तो कोणाचा, यावरून शब्द वाढले, शब्दांवरून हात उगारले गेले. फणस पुढे एका वादळात आडवा झाला, भांडण उभं राहिलं. मधे पूर्वी गुडघाभर उंचीचा गडगा होता, चिऱ्यावर चिरा नुसता रचलेला. थोरल्यानं रागारागानं तो चढवत नेला, धाकट्यानं आपल्या बाजूनं आणखी चार थर घातले, असं करत करत तो माणसाच्या डोक्यावर गेला. वन्सं दोन्ही घरांत जायच्या. या दारातून बाहेर पडून, रस्त्यावर येऊन, त्या दारातून आत. दोन्हीकडे तोच पाट, तीच भाताची पेज, दोन्ही भाऊ एकाच पद्धतीनं धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसणारे. वन्संना ते घर फार आवडायचं. एकच म्हणायच्या त्या त्याला, घर.

एका दुपारी थोरल्याच्या पडवीत त्या सुपारी कातरत बसल्या होत्या. थोरला आत घोरत होता. पलीकडे गिरण दुपारची बंद, म्हणजे धाकटाही आडवा झालेला. तेवढ्यात थोरली जाऊ, म्हणजे त्याची बायको, उठली, परसात गेली, बादली पालथी घातली आणि पदर खोचून तिच्यावर चढली. टाचा उचलल्या. केळीच्या पानाचा तुकडा झाकलेलं एक ताट तिनं दोन्ही हातांनी गडग्यावर धरलं. पलीकडून एक हिरव्या बांगड्यांचा हात वर आला आणि त्यानं ताट घेतलं. शब्द नाही, काही नाही. थोड्या वेळानं तोच हात एक डबा घेऊन पुन्हा वर आला. वन्संनी फोटो काढला. थोरली खाली उतरली तेव्हा तिनं वन्संकडे बघितलं, आणि वन्संनी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ थोरलीनं 'कळलं, कोणाला सांगत नाही' असा घेतला. वन्संच्या मनात तो 'छान झाला' असा होता. सगळा घोटाळा तिथे झाला.

कारण पुढे काही वर्षांनी, आम्ही सगळ्यांनी मागे लागून लागून, वन्सं आपले फोटो लोकांना दाखवायला तयार झाल्या. हॉल-बिल त्यांना नकोच होता. "ज्यांचे आहेत त्यांनी बघावेत," म्हणून पालीच्या बाजारात एका ओळखीच्यांचा रिकामा गाळा घेतला, सुतळ्या ताणल्या आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी फोटो टांगले. आठवडा बाजाराचा दिवस. मी दाराशी कोकम सरबताचा घडा घेऊन बसले होते. लोक पिशव्या सांभाळत आत येत होते, आपलं कोणी दिसतंय का शोधत होते, दिसलं की ओरडत होते. 'ही आमची आत्ते!' 'अरे, हा आपल्या म्हाताऱ्याचा विळा!' वन्सं कोपऱ्यात स्टुलावर बसून अशा लाजत होत्या की जणू त्यांना बघायला पाहुणे आलेत. बादलीवरच्या बाईचा फोटो मधल्या सुतळीवर होता. तो लावताना मी विचारलं होतं, "हा लावू का?" त्या म्हणाल्या होत्या, "लाव गं. पाठमोरी आहे. कोण ओळखतंय?"

दुपारच्या आधी थोरला भाऊ आला. हातात भाजीची पिशवी. सरबत घेतलं, पेला परत दिला, 'बरं आहे' म्हणाला आणि आत गेला. एकेक फोटो बघत मधल्या सुतळीपाशी पोचला आणि उभाच राहिला. माझी पाठ त्याच्याकडे होती, पण आतलं बोलणं एकदम थांबलं तेव्हा मी वळले. पाठमोरी असली म्हणून काय झालं. ज्या पाठीबरोबर जन्म काढला ती ओळखायला तोंड कशाला लागतं?

"ह्यो कोणी काढला?" त्यानं विचारलं.

"मी," वन्सं उठून म्हणाल्या.

"कदी?"

"दुपारचा आहे."

"दुपारचा म्हंजे मी निजल्यावर."   तो वळला आणि गाळ्यातून बाहेर पडून चालायला लागला. पिशवी खाली तशीच राहिली. मी हाक मारली, त्यानं मागे पाहिलं नाही.

गावात बातमी माणसाच्या आधी पोचते. अर्ध्या तासात थोरली जाऊ धापा टाकत आली. आत शिरली, फोटो बघितला आणि मटकन खाली बसली. ती वन्संना ताई म्हणायची. ओरडली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "ताई, काय केलात वो हे? आमची तेवढीच एक वाट होती."

वन्संनी तिच्यासमोर तो फोटो उतरवला. मग शेजारचा उतरवला, मग सगळेच. लोक येत होते त्यांना मी हात जोडून परत पाठवत होते. परतीच्या एसटीत वन्सं खिडकीबाहेर बघत बसल्या, मांडीवर ती भाजीची पिशवी. घरी आल्यावर जेवल्या नाहीत. आमचे यजमान बहिणीला हसवायला म्हणून म्हणाले, "अगं, मीपण तुझ्यावर दावा लावणार आहे, फ्रीजच्या फोटोबद्दल." त्या हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "वहिनी, फोटो खरा आहे म्हणून मी इतकी वर्षं खूश होते. तो खरेपणा माझा नव्हताच गं. त्या दोघींचा होता. मी नुसती शिरले नि उचलून आणला." मी म्हटलं, "तुम्ही काय मुद्दाम केलंत?" "म्हणून तर," त्या म्हणाल्या. "मुद्दाम केलं असतं तर निदान आधी विचार तरी केला असता."

पिशवीत गवार, थोडी पडवळं आणि एक नारळ होता. मी गवार निवडायला घेतली तर त्यांनी हातातून काढून घेतली. "त्यांची आहे." दोन दिवसांत पडवळं मऊ पडली, गवार पिवळी झाली, आणि वन्संनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. बोलावणी येत होती, त्या गुडघ्याचं कारण सांगत होत्या. मला मनातून एकच धास्ती, की पालीला त्या बाईचं काय झालं असेल. नवरा तापट. हात उगारणारा म्हणून ऐकलेला. फोन करायचा धीर आम्हा दोघींनाही होत नव्हता. शेवटी एका सकाळी वन्सं नवी गवार, नवी पडवळं घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "चल. शिव्या तरी तोंडावर खाऊन येऊ." नारळ मात्र तोच होता.

पालीला उतरून आत वळलो तर लांबूनच ठण् ठण् आवाज. लोखंडाचा चिऱ्यावर. वन्संनी माझा दंड धरला. "चढवतोय," त्या म्हणाल्या. "आणखी चढवतोय गं तो."  घराला वळसा घालून परसात गेलो. थोरला भाऊ पंचा गुंडाळून, पहार घेऊन गडग्यापाशी उभा. डोक्यापासून पायापर्यंत लाल धूळ, भुवयासुद्धा लाल. आमच्याकडे त्यानं बघितलं, आणि पहार टेकवून उभा राहिला.

"भाजी राहिली होती तुमची," वन्सं म्हणाल्या. गावातल्या सगळ्या शिव्या ऐकायला आलेली बाई, आणि सुचलं ते हे.

"ठेवा तितं."

"आणि माझं चुकलं. विचारायला हवं होतं मी. घरात आणखी उंच भिंत नका घालू माझ्यापायी."

"चढवतोय कोण? उतरवतोय. दिसत न्हाय?"

खरंच, वरचे थर खाली आले होते. चिरे एका बाजूला रचून ठेवलेले.  तो पंच्याच्या टोकानं तोंड पुसून, आमच्याकडे न बघता, गडग्याशीच बोलल्यासारखा बोलायला लागला. "ती बादलीवर चढते ता मला म्हाईत नव्हता. गुडघे बघितलात तिचे? रात्री मी तेल लावतो ना. ती बादली तिरकी झाली असती म्हंजे? हितं परसात एकटी पडून राहिली असती. मी आपला आत घोरतोय." त्यानं पहारीवरची माती बोटानं खरवडली. "एवढी गाडी चालवली, घाटातून चालवली. कधी कोणाला खरचटला नाय माझ्या हातनं. नि घरात ही बादलीवर."

वन्संना धीर आला तसा त्यांचा मूळ स्वभाव वर आला. "मग एवढं करताच आहात तर एक वाटच मोकळी सोडा ना मधून."

"वाट कशाला?" तो एकदम ताठ झाला. "माझा कोणाशी बोलणा नाय."

तेवढ्यात गडग्यापलीकडून आवाज आला. कोणाचं नाव न घेता, कोणाला उद्देशून नाही असा. "चिरे इकडं पडूक नको म्हणावा. भेंडी लावल्येय."

थोरल्यानं वन्संकडे बघितलं. "त्याला सांगा, मला दिसता."

दोघांच्या मधे चार हात जागा नव्हती, आणि वन्संनी मान वर करून, अगदी गंभीरपणे, पलीकडे सांगितलं, "त्यांना दिसतंय म्हणतात."

"मग पहार सरळ धरावी," पलीकडून आलं. "तिरकी धरली की चिरा इकडंच येणार."

"सरळ धरायला सांगतात," वन्संनी थोरल्याला सांगितलं.

"ऐकलाय मी!"

मला हसू आवरेना, म्हणून मी विहिरीकडे तोंड केलं. थोरला पुन्हा पहार मारायला लागला. जरा वेळानं त्यानं पहार न लावताच एक चिरा हलला. पलीकडून कोणीतरी ढकलत होतं. थोरल्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि खाली घेतला. मग दुसरा हलला.  गडगा छातीइतका झाला तेव्हा दोघंही आपापल्या बाजूला थांबले, जणू आधी ठरलं होतं.

थोरली जाऊ चहा घेऊन आली. तिनं एक पेला वन्संना दिला, एक मला, आणि एक सरळ गडग्यावर ठेवला. पलीकडून धाकटी पुढे आली. इतकी वर्षं त्या परसातून तिचा फक्त हात दिसत होता. आता सगळी बाई दिसत होती, कपाळावर पिठाचा हात लागलेली. दोघी एकमेकींकडे बघून अशा लाजल्या की नव्या नवरीनं काय लाजावं. थोरली वन्संना म्हणाली, "ताई, काढा की आता."

वन्संच्या पिशवीत कॅमेरा होता. मला वाटलं होतं, नसेल. पण होता. त्यांनी तो काढला, आणि मी कधी ऐकला नव्हता तो प्रश्न त्यांच्या तोंडून ऐकला. त्यांनी आधी थोरलीकडे बघितलं, मग धाकटीकडे, आणि दोघींना वेगवेगळं विचारलं, "काढू?" झालं. दोघींनी पदर सारखे केले, केसांवरून हात फिरवले, गडग्याच्या दोन बाजूंना काठीसारख्या ताठ उभ्या राहिल्या आणि दात काढून कॅमेऱ्याकडे बघायला लागल्या. वन्सं एक अक्षर बोलल्या नाहीत. तसाच काढला. दोन्ही भाऊ त्यात यायला तयार नव्हते. थोरला चिरे मोजल्यासारखं करत होता, आणि धाकटा भेंडीला पाणी घालत होता, भर उन्हात.

त्या भावांचं बोलणं सुरू झालं असं काही मी ऐकलेलं नाही. चिऱ्यांचं काय झालं तेही ठाऊक नाही. ताटं मात्र आता दिवसाढवळ्या जातात, आणि म्हणे थोरला कधी कधी पलीकडची गवार आवडली नाही तर तसं मोठ्यानं, हवेला, सांगतो.

वन्सं त्यानंतर विचारायला लागल्या. कुठेही गेल्या की आधी विचारायचं. आणि विचारलं की निम्मी माणसं नको म्हणतात, निम्मी फणी शोधायला धावतात. पूर्वीसारखे फोटो आता त्यांच्या हातून फारसे निघत नाहीत. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "फोटो बिघडतो खरा. बिघडू दे." डोळ्यांचं ऑपरेशन झालं, हातही थोडा हलतो. मुलगा पुण्याला ये म्हणतो, या पावसाआधी जायचं त्यांनी जवळजवळ कबूल केलंय. तोवर रोज दुपारी आमच्याकडे येतात आणि पडवीतल्या खुर्चीवर बसतात.

परवा मी अंगणात आमसुलं वाळत घालत होते. हात कोपरापर्यंत लाल, केस सुटलेले, गाऊन कुठला तरी जुना. वन्सं बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "वहिनी, काढू?"

"आत्ता नको हो," मी म्हटलं. "एवढी सालं पसरते, हात धुते आणि येत्येच."

त्यांनी बरं म्हटलं. सालं पसरता पसरता फोन आला, मग यजमानांना चहा हवा झाला, मग तारेवरचे कपडे. हात धुऊन, केस बांधून मी पडवीत आले तेव्हा वन्संचा डोळा लागला होता. कॅमेरा मांडीवर, एक हात त्याच्यावर. मी समोरच्या पायरीवर बसले. उठवावं की नाही ते कळेना. ऊन पडवीतून अंगणात उतरलं, अंगणातून आंब्याच्या बुंध्यावर चढलं आणि मग दिसेनासं झालं.

त्या जाग्या झाल्या तेव्हा पाखरं घरी येत होती. "उठवलं नाहीस गं," त्या म्हणाल्या.

"झोपला होतात छान."

त्यांनी एकदा आभाळाकडे बघितलं. "गेला उजेड," म्हणाल्या, आणि कॅमेरा पिशवीत ठेवला. मग आम्ही दोघींनी मिळून आमसुलांची सुपं उचलून आत नेली. त्यांच्या बाजूचं सूप जरा हलत होतं, म्हणून मी हळू चालत होते.